सोन्याचं नाणं मुशीत घालण्याआधी

तुमच्या गावात हंड्याची एक तरी गोष्ट असणारच. अमक्याच्या परड्यात पाया खणताना हंडा लागला, तमक्याने वर्षभरात माडी चढवली, आणखी कुणाला नाग आडवा आला म्हणून त्याने हातच लावला नाही. यातल्या बहुतेक गोष्टी पारावर जन्मतात आणि पारावरच वाढतात. पण काही खऱ्याही असतात. नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खोदाईत, जुन्या वाड्याची भिंत उतरवताना आपल्याकडे सोन्याची नाणी निघालेली आहेत आणि पुढेही निघतील. अशा नाण्यांचे पुढे काय होते आणि काय व्हायला हवे, ते आज जरा सविस्तर पाहू.

बहुधा होते ते असे. सापडणारा आधी घाबरतो. पोलीस येतील, तलाठी पंचनामा करील, सगळे सरकारजमा होईल, भावकी दारात उभी राहील, अशी भीती मनात बसते. मग अंधार पडल्यावर ओळखीचा सोनार गाठला जातो. तो नाणे कसोटीवर घासतो, वजन करतो, घट धरतो आणि मुशीत टाकतो. सकाळी हातात सोन्याची लगड असते, आणि ते नाणे कुणाचे होते, कधीचे होते, तिथे का पुरले होते, हे सांगणारी एकही खूण उरलेली नसते.

तुम्ही जमिनीची माणसे आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. जुने नाणे म्हणजे त्या राज्याचा सातबारा. मालक कोण, कोणाचे नाव चढले, कोणाचे कमी झाले, बोजा किती, सगळे त्यावर असते. राजाचे नाव आणि चिन्ह बघितले की सत्ता कुणाची ते कळते. सोन्याचा कस बघितला की खजिन्याची अवस्था कळते, कारण राज्य अडचणीत आले की सोन्यात भेसळ सुरू होते. हा नियम दोन हजार वर्षे बदललेला नाही. सातबारा रद्दीच्या भावाने विकणारा शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही. नाण्याच्या बाबतीत मात्र तो व्यवहार सर्रास होतो.

बयानाचा हंडा

राजस्थानात भरतपूरजवळ बयाना नावाचे गाव आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत भरतपूरचे महाराज त्या भागात शिकारीला गेले होते. शिकार संपल्यावर हुल्लनपुरा गावची पोरे काडतुसांची रिकामी नळकांडी गोळा करत शेतातून हिंडत होती. पोरेच ती! शेताच्या बांधात त्यांना तांब्याच्या भांड्याचा काठ दिसला. उकरले तर आत सोन्याची नाणी, एक ना दोन, हजारांच्या घरात. गावात वाटप झाले, आणि बातमी दरबारापर्यंत जाऊन चक्रे फिरेपर्यंत बरीच नाणी वितळूनही गेली. संस्थानाच्या हाती लागली ती १,८२१.

ही सगळी गुप्त राजांची नाणी होती. त्यांची एकेक करून तपासणी आणि सूची करण्याचे काम एका मराठी माणसाने केले. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर, जन्म १८९८, गाव कोल्हापूर जिल्ह्यातले म्हाकवे. आपल्या वाचकांना त्यांची आणखी एक ओळख आवडेल. पश्चिम हिंदुस्थानातील गावगाड्यावर, म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार या व्यवस्थेवर, त्यांनी १९२७ साली इंग्रजीत एक सबंध ग्रंथ लिहिला होता. बयानाच्या नाण्यांची त्यांची सूची १९५४ साली छापून आली.

आता त्या हंड्याचा हिशेब बघा. पहिल्या चंद्रगुप्ताची १०, समुद्रगुप्ताची १८३, काच नावाच्या राजाची १६, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८ आणि स्कंदगुप्ताचे फक्त १. बेरीज करून पाहा, १,८२१ येते. पहिल्या चंद्रगुप्ताच्या नाण्यावर राजाराणी दोघेही उभे आहेत. राणी कुमारदेवी ही लिच्छवी कुळातली, आणि नाण्याच्या मागच्या बाजूला त्या लिच्छवींचे नाव चक्क कोरलेले आहे. सोयरिकीने राज्याला बळ आले, हे नाण्यावरच छापून टाकले होते! दुसऱ्या चंद्रगुप्ताशी तर आपलीही सोयरीक. त्याची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भात वाकाटकांच्या घरी दिली होती, आणि नवरा वारल्यावर मुले लहान असताना रामटेकच्या परिसरातल्या नंदिवर्धनाहून तिनेच राज्य चालवले.

पण खरी गोम त्या शेवटच्या एका नाण्यात आहे. स्कंदगुप्त गादीवर आला इ. स. ४५५ च्या सुमारास. त्याचे एकच नाणे हंड्यात असल्यामुळे हंडा पुरला गेला तो त्याच्या राज्याच्या आरंभी किंवा नंतर लवकरच, असा तर्क करता येतो. हूणांच्या टोळ्या वायव्येकडून उतरत होत्या तो हाच काळ. कुणीतरी घाबरून आपली पुंजी बांधात पुरली आणि ती काढायला परत आला नाही. इथपर्यंत ठीक. पण जी नाणी गावात वितळली, त्यांत स्कंदगुप्ताची आणखी वीस-पंचवीस असतील तर? मग सगळा हिशेब पुढे सरकतो, भीतीचे कारणही बदलते. याचे उत्तर मुशीत गेले. आता ते कुणालाही देता येणार नाही.

आपल्याकडचेच म्हणाल तर नाशिक जिल्ह्यातले जोगलटेंभी घ्या. ती नाणी सोन्याची नव्हेत, चांदीची, पण गोष्ट तितकीच मोलाची. १९०६ साली तिथे नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांवर नाणी सापडली, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. हरलेल्या राजाच्या मुखवट्यावर जिंकलेल्याचा शिक्का! सातवाहनांनी नहपानाला हटवले याचा इतका रोकडा पुरावा दुसरा नाही. ती चांदी त्या वेळी कुणी वितळवली असती, तर?

होन म्हणजे काय

आपल्या मातीत सोने निघाले तर ते बरेचदा होनाच्या घराण्यातले असते. त्याआधीचे म्हणजे देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक. वाटीसारखे खोलगट, मधोमध कमळ, कडेने ‘श्री’ आणि राजाचे नाव नागरीत ठोकलेले, वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र या राजांची नावे त्यांवर वाचता येतात. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो याच सोन्याच्या वासाने. १३१८ साली यादवांचे राज्य संपले आणि पद्मटंकही थांबले.

पुढे दक्षिणेत विजयनगर उभे राहिले. त्यांचा होन, म्हणजेच वराह, साधारण ३.४ ग्रॅमचा, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडा मोठा, पण जाडसर. कुणावर हनुमान, कुणावर उमामहेश्वर, कृष्णदेवरायाच्या होनावर बाळकृष्ण. १५६५ साली राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगर मोडले, पण गंमत अशी की होन मोडला नाही. बाजाराला त्याची इतकी सवय झाली होती की जो येईल त्याला होनच पाडावा लागे. नायकांनी पाडला, इंग्रज आणि डच कंपन्यांनी पाडला. हैदर अलीने १७६३ साली इक्केरीच्या नायकांचे बिदनूर जिंकले, तेव्हा त्याने तिथल्या होनावरचे शिवपार्वती तसेच ठेवले आणि मागच्या बाजूला फक्त आपल्या नावाचे एक फारसी अक्षर घातले. रयतेचा विश्वास शिवपार्वतीच्या नाण्यावर आहे, तर उगाच कशाला ढवळा, हा त्यामागचा व्यवहार.

आता शिवाजी महाराजांचा होन. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा शिवराई होन निघाला. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. वजन पावणेतीन ग्रॅमच्या घरात. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, पण तेव्हाचा काळ ध्यानात घ्या. नाणे पाडणे हा स्वतंत्र राजाचा हक्क. जहागीरदार कितीही मोठा असो, त्याच्या नावाचे सोन्याचे नाणे निघत नसे. भोवतालच्या शाह्यांच्या नाण्यांवर फारसी अक्षरे, मोगलांची मोहोर जवळजवळ अकरा ग्रॅमची. अशा वेळी महाराजांनी मोगली मोहोरेचे वजन घेतले नाही, फारसीही घेतली नाही. दक्षिणेचा होन घेतला आणि त्यावर नागरी अक्षरे कोरली. मी कुणाचा चाकर नाही, हे सांगायला याहून लहान आणि याहून लांब जाणारे पत्र दुसरे नव्हते.

याच राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर होता. तहाच्या कलमांत इंग्रजांची एक मागणी होती, की त्यांची नाणी स्वराज्यात चालावीत. महाराजांचे उत्तर इंग्रजांच्याच कागदपत्रांत नोंदलेले आहे. त्याचा मथितार्थ असा, की कुणाचेही नाणे चालायला आम्ही बंदी करत नाही, पण ज्या नाण्याने रयतेला तोटा होईल ते घेण्याची सक्तीही आम्ही करणार नाही. तुमचे नाणे कसाला आणि वजनाला इतरांच्या बरोबरीचे असेल तर लोक आपणहून घेतील. बाजार समितीत माल विकणाऱ्या माणसाला या उत्तरातले शहाणपण वेगळे समजावून सांगायला नको.

शिवराई होनाचे अस्सल नमुने आज फारच थोडे उरले आहेत. तांब्याच्या शिवराया मात्र घरोघर सापडतात, कारण त्या इंग्रजी अमलातही कितीतरी वर्षे बाजारात फिरत होत्या. होन पाडलेच कमी गेले, की बरेचसे पुढे आटवले गेले? दोन्ही असू शकेल. म्हणूनच एखाद्या बांधात निघालेला एक होनही किती मोलाचा, ते समजून घ्या.

पुढे पेशवाईत पाहा काय उलटे झाले. मराठ्यांच्या टांकसाळीतून रुपये निघत ते दिल्लीच्या बादशहाच्या नावाने. त्या बादशहाला, शाहआलमला, १७७२ साली दिल्लीच्या गादीवर परत बसवणारे महादजी शिंदे, आणि रुपयावर नाव शाहआलमचे! इंग्रज कंपनीनेही तोच कित्ता गिरवला. १८३५ मध्ये कंपनीने विल्यम राजाचा मुखवटा असलेला रुपया सर्वत्र एकसारखा केला, तेव्हा कुठे बादशहाचे नाव गेले. सत्ता कुणाच्या हातात आणि शिक्का कुणाचा, यात केवढे अंतर पडू शकते हे ही नाणी सांगतात. ग्रामपंचायतीत वावरणाऱ्यांना हे नवीन नसावे.

आजीच्या गळ्यातली पुतळी

जमिनीत पुरलेल्या सोन्याचे सोडा, एक परदेशी नाणे तुमच्या घरातच असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे बायकांच्या दागिन्यांत पुतळ्यांची माळ असते. ही पुतळी मुळात दागिना नव्हे, नाणे. तेही इटलीतल्या व्हेनिस या व्यापारी राज्याचे डुकाट. त्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले. नीट पाहिले तर एक टोपीवाला गुडघे टेकून झेंड्याची काठी धरताना दिसेल, तो तिथला राज्यप्रमुख. समोर उभा तो संत मार्क. मागच्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांच्या मध्ये येशू ख्रिस्त. आपल्या आज्या-पणज्यांनी ही माळ घालून सत्यनारायण केले, मंगळागौरी पुजल्या, आणि कुणाचे काही बिघडले नाही.

हे नाणे १२८४ साली निघाले. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोने, आणि पुढची पाचशे वर्षे ना वजन बदलले, ना कस, ना चित्र. युरोपला मिरी-मसाला हवा, आपल्याला त्यांच्या मालाची फारशी गरज नाही. मग फरकाचे सोने इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने आपल्या बंदरांत उतरायचे. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची जंत्री आहे, तीत शिवराई, देवराई, अच्युतराई अशा होनांच्या रांगेत पुतळ्याही बसलेल्या आहेत. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचे राज्य बुडवले. राज्य गेले, पण आपल्या सोनारांनी पुतळीचा साचा सोडला नाही.

त्यामुळे घरातल्या माळेतली प्रत्येक पुतळी व्हेनिसची समजू नका. पुष्कळ पुतळ्या इथेच घडलेल्या, पातळ पत्र्याच्या, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या असलेल्या. पण जुन्या माळेत चार-दोन अस्सल असू शकतात. मोडीला नेण्याआधी उजेडात धरून अक्षरे बघा. तीच गोष्ट गिन्नीची. पहिल्या महायुद्धात समुद्रात पाणबुड्यांचे भय, सोने विलायतेला न्यायचे-आणायचे कसे? म्हणून १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीतच इंग्रजी सॉव्हरिन पाडले गेले, सुमारे तेरा लाख. त्या नाण्यांवर घोडेस्वाराच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, अगदी बारीक ‘आय’ हे इंग्रजी अक्षर असते. तुमच्या कपाटातली गिन्नी भिंगाखाली बघायला हरकत नाही.

कायदा काय म्हणतो

आता पोटात भीतीचा गोळा उठतो त्या विषयाकडे. सापडले की सगळे सरकारजमा होते, ही समजूत चुकीची आहे. यासाठी १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर द्यायची. दहा रुपयांत आज चहा येतो, पण कायद्यातला आकडा तोच आहे. खबरीत तीन गोष्टी हव्यात. काय आणि अंदाजे किती सापडले, कुठे सापडले, कोणत्या तारखेला. माल जवळच्या सरकारी कोषागारात ठेवायचा, नाहीतर मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. पोच घेतल्याशिवाय उठू नका, हे आमच्या पदरचे.

मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात. हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख मिळते. शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजाने पुरल्याचा कुणाचा दावा असेल, आणि त्यात तथ्य दिसले, तर त्याला दिवाणी न्यायालयात जायची सवड मिळते. कुणीच मालक ठरला नाही, तर ठेवा बेवारस ठरतो. अशा वेळी सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात आधी काही करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. होय, विहीर खोदणाऱ्या मजुराला पाऊण हिस्सा! मजुराकडून हंडा काढून घेऊन त्याला हजार-पाचशे देऊन वाटेला लावणाऱ्या मालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

सरकारला नाणी संग्रहालयासाठी हवी असतील तर ती घेता येतात, पण फुकट नाही. सोन्याची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो, म्हणजे लाखाच्या सोन्याला एक लाख वीस हजार. सोनार घट धरून देतो त्यापेक्षा हे केव्हाही जास्त. शिवराई होनासारख्या दुर्मिळ नाण्याला मात्र हा मोबदला तुटपुंजा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात ही दुरुस्ती व्हायला हवी. दुसरीकडे, खबर न देता माल दडवला तर आपला हिस्सा जातो तो जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दडवण्यात साथ देणाऱ्या जमीनमालकाला सहा महिन्यांपर्यंत.

नाण्यांचा छंद असलेल्यांसाठी आणखी एक. शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ते जवळ ठेवायला मनाई नाही, पण धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. घ्याल तिथे पावती घ्या. संरक्षित किल्ल्यांवर धातुशोधक यंत्र घेऊन खणत हिंडणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे.

आणि ठकसेनांपासून जपा. पद्धत ठरलेली आहे. गरीब मजूर असल्याचे सांगणारे दोघे-तिघे येतात. खोदाईत हंडा लागला, विकता येत नाही, अर्ध्या किमतीत देतो म्हणतात. तपासायला देतात ती एक-दोन नाणी खरी सोन्याची असतात. पैसे मोजल्यावर हातात येते ती पितळेची पिशवी. तक्रार करायला माणूस लाजतो, कारण आपणही लपूनछपूनच घेत होतो. यात्रेत मिळणारे ‘शिवकालीन होन’ही बहुतेक साच्यात ओतलेले आणि वर मुलामा दिलेले. ओतीव नाण्यावर बारीक बुडबुड्यांच्या खळ्या आणि कडेला सांध्याची रेघ दिसते, ठोकून पाडलेल्यावर ती नसते. गुप्तधन काढून देतो म्हणणारा मांत्रिक तर दारातही उभा करू नका. त्याच्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली सहा महिने ते सात वर्षे कैद आहे, आणि त्याला बोलावून साथ देणाराही त्यात अडकतो.

शेवटी तलाठी, पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींना विनंती. खबर आली की आधी घोळका हटवा. पंचनाम्यात नुसते ‘पिवळ्या धातूची नाणी’ लिहून थांबू नका. गट नंबर, बांधापासूनचे अंतर, किती फूट खोल, भांडे तांब्याचे की मातीचे, झाकण होते का, हे सगळे लिहा. नाणी एकेक मोजून सापडणाऱ्याच्या समोर सीलबंद करा, आणि मोजलेला आकडा त्याच्या सहीने नोंदवा. चिंचेने, राखेने घासून चकचकीत करू देऊ नका, त्याने अक्षरे झिजतात. फुटलेल्या मडक्याची खापरेही टाकू नका. हंडा कुठल्या काळातला ते कधी कधी खापरावरून ठरते, तेव्हा ती वेगळ्या पिशवीत भरून, त्याच पंचनाम्याचा क्रमांक घालून, नाण्यांबरोबरच तहसीलला पाठवा.